सुट्टीतला सिनेमा आणि वेशीबाहेरचे बालपण

दिवाळी, गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी असली आणि दुपारच्या जेवणानंतर घरात कोणी टीव्ही लावला, की मराठी वाहिन्यांवर एका विशिष्ट जातीचा चित्रपट हमखास भेटतो. (‘जातीचा’ हा शब्द सहज लिहून गेलो, तो खोडत नाही.) कोकणातले नाहीतर मावळातले एखादे गाव. आठ-दहा वर्षांचा मुलगा. गरीब पण मानी आई, वरून कडक आणि आतून मऊ असा बाप किंवा आजोबा. नदी, शाळा, जत्रा, एखादे लाडके जनावर. मोठा झालेला तोच मुलगा हे सारे आठवत असतो आणि कधी पडद्याआडून आपल्याशी बोलतही असतो. शेवटी कोणी तरी जाते किंवा गाव सुटते, आणि घरातली सगळी माणसे डोळे पुसत उठतात.

या प्रकाराला आपल्या समीक्षेने नाव दिलेले नाही. मी त्याला ‘सुट्टीतला सिनेमा’ म्हणतो. यातले बहुतेक चित्रपट थिएटरसाठी निघालेले असतात. पण तिथे ते चार आठवडे चालतात आणि टीव्हीवर सणासुदीला वर्षानुवर्षे चालत राहतात. दलित साहित्याच्या चळवळीने कथा, कादंबरी, कविता यांतल्या प्रस्थापित जाणिवेची कठोर चिकित्सा केली. टीव्हीकडे मात्र आपण करमणूक म्हणून पाहिले आणि सोडून दिले. मी भोरला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांनी ‘बलुतं’ वाचलेले असते. पण गावाकडच्या बालपणाचा एखादा चित्रपट न पाहिलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. तेव्हा गाव म्हणजे काय, घर म्हणजे काय आणि आई म्हणजे काय याचे पहिले शिक्षण त्यांना कुठे मिळते, हा प्रश्न साहित्याच्या शिक्षकाला टाळता येण्यासारखा नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपणाची सोय झाली. सिंहगडाच्या पाठीमागे आमचे वेल्हे. (या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) गावात एकच टीव्ही असे तेव्हा आठवड्याचा मराठी चित्रपट हा सामुदायिक कार्यक्रम होता. तो कोणाच्या ओसरीवर बसून पाहायचा आणि कोणी अंगणात उभे राहून पाहायचा, हे ज्याच्या त्याच्या घरच्या थोरांना विचारावे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. मग सण म्हणजे जाहिरातींचा हंगाम असे नवे पंचांग तयार झाले. उटणे, तेल, सोने आणि घरे विकणाऱ्यांना सणाच्या दिवशी असा प्रेक्षक हवा असतो, की जो सहकुटुंब बसलेला आहे, हळवा झालेला आहे आणि ज्याला आपले मूळ गाव आठवते आहे. हल्ली पानशेत-वेल्ह्याच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट विकणारे जी भाषा वापरतात तीही याच सिनेमाची असते. मातीचा वास, चुलीवरची भाकरी, आजीची गोधडी. जमीन कोणाची होती आणि कशी गेली, हा मजकूर त्या फलकावर नसतो.

या सिनेमाचा मूळपुरुष म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली त्याच पुस्तकावर पुन्हा नवा चित्रपट आला. म्हणजे नव्वद वर्षे हा साचा टिकून आहे. मोठा झालेला माणूस रात्री सोबत्यांना गोळा करतो आणि आपली आई सांगतो. सुट्टीतला सिनेमा याहून वेगळे काय करतो?

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी खाली पडलेली एक म्हातारी महारीण वाटेवर उभी आहे. मोळी डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला हात दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. लहानपणी हा प्रसंग वाचताना माझेही डोळे भरून आले होते आणि त्या आईविषयी आजही माझ्या मनात कडवटपणा नाही. १९३३ साली हे लिहिणे सोपे नव्हते. ज्या माणसाने ते लिहिले त्याने १९४७ साली पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हेही विसरता कामा नये. पण रचना म्हणून तो प्रसंग पाहा. मोळी उचलली गेल्यावर कथा श्यामबरोबर घरी परत येते. म्हातारी मोळी घेऊन कुठे गेली, तिच्या घरी त्या रात्री काय शिजले, आपल्याला हात दिलेला मुलगा घरी जाऊन आंघोळ करणार हे तिला ठाऊक होते काय, या दिशेला कथेचे तोंडच वळत नाही. ती म्हातारी येते ती श्यामच्या संस्कारासाठी, आणि संस्कार पुरा झाला की निघून जाते.

सुट्टीतल्या सिनेमाची सगळी घडण या एका प्रसंगात सापडते. कॅमेरा ओसरीवर ठेवलेला असतो आणि तिथून तो अंगण, रस्ता, नदी पाहतो. ओसरीवरून जे दिसते ते गाव. जे दिसत नाही ते खोटे ठरवले जात नाही. ते फक्त चौकटीबाहेर राहते, आणि म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार करणे अवघड असते. भातलावणीच्या दृश्यात बाया रांगेने वाकलेल्या दिसतात, गाणे चालू असते. त्या कोणाच्या खाचरात आणि काय मजुरीवर वाकल्या आहेत हे कळत नाही. संध्याकाळी घोंगडी पांघरलेला एखादा माणूस निरोप घेऊन दाराशी येतो आणि निरोप देऊन जातो. हा निरोप्या म्हणजे वतनाच्या नावाखाली राबवलेला माणूस. या वतनाच्या बेडीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. एवढा इतिहास पाठीवर घेऊन तो माणूस त्या दारात उभा असतो. सिनेमाला मात्र त्याच्याकडून फक्त निरोप हवा असतो.

शिवाय लहान मुलाची नजर. मूल निरागस असते, त्याला जात कळत नाही, असे या सिनेमात गृहीत असते. ज्याला पाणी वरून ओतून मिळते त्या मुलाला जात पहिल्या दिवशी कळते. जात न कळण्याची चैन ज्यांना परवडते त्यांच्याच बालपणाला निरागस म्हणण्याची ही रीत आहे.

ही रीत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९ डिसेंबर १९७१ रोजी सीबीएस वाहिनीने नाताळनिमित्त ‘द होमकमिंग’ नावाचा टीव्ही-चित्रपट दाखवला. अर्ल हॅम्नर या लेखकाच्या व्हर्जिनियातल्या बालपणावर तो आधारलेला होता आणि त्यात निवेदनाचा आवाजही त्याचाच होता. १९३३ सालच्या मंदीतली नाताळची आदली रात्र, लांब कामाला गेलेला बाप अजून परतलेला नाही, आई काळजीत, थोरला मुलगा जॉन-बॉय बापाला शोधायला बाहेर पडतो. चित्रपट इतका गाजला की त्यातून ‘द वॉल्टन्स’ ही मालिका निघाली आणि १९८१ पर्यंत चालली. या शोधात जॉन-बॉय काळ्यांच्या चर्चमध्ये जातो. तिथला हॉथॉर्न डूली (क्लीव्हन लिटल या नटाने ही भूमिका केली) त्याला मदत करतो. डूली भला माणूस आहे, देवभीरू आहे. पण त्याच व्हर्जिनियात त्या काळी गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, आणि नाताळच्या त्या रात्री डूलीच्या वस्तीतली पोरे कशी होती हे विचारायला जॉन-बॉयजवळ वेळ नाही. मोळीवाली म्हातारी आणि डूली यांच्यात सात समुद्र आहेत, तरी दोघांना मिळालेले काम एकच. आपल्याकडच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली ती याच्या पुढच्या वर्षी, १९७२ साली, हा योगायोगच. पण तिकडच्या लढ्याकडे पाहताना तिकडच्या स्मरणरंजनाकडेही पाहायला हवे असे मला वाटते.

मग आपल्या बालपणाची सुट्टी कुठेच लिहिलेली नाही काय? लिहिलेली आहे, आणि ती दस्तुरखुद्द बाबासाहेबांनी लिहिली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आठवणलेखात पहिलीच आठवण १९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या कामावर. मुले साताऱ्याला. सुट्टीत इकडे या, असे वडिलांचे पत्र येते आणि घरात आनंदीआनंद होतो. नवे विलायती सदरे, जरीच्या झगमगत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. पहिलाच आगगाडीचा प्रवास. सोबत भरून दिलेला फराळ. हे वाचताना क्षणभर वाटते की आता सुट्टीतला सिनेमा सुरू होणार. त्यात काय कमी आहे?

मुले मसूर स्टेशनावर उतरतात. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आलेले नाही. कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि मुले महार आहेत हे कळल्याबरोबर त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, ते या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. वाटेत डबा उघडतात तर प्यायला पाणी नाही. जे आहे ते शेणामुताने घाण झालेले. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागतात, तरी मिळत नाही. जवळ अन्न असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपतात.

हा मजकूर मी दर वर्षी वर्गात वाचतो. त्यात आरडाओरड नाही. नव्या टोपीचा आनंद पूर्ण सांगितलेला आहे, तो कुठेही हिणवलेला नाही. आणि म्हणून पाण्याचा प्रसंग असह्य होतो. प्रवास तोच, बैलगाडी तीच, घरी पोचण्याची ओढ तीच. फक्त या वेळी कथा गाडीत बसलेली आहे, ओसरीवर नाही.

टीव्हीने या आठवणीचे काय केले असते? १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला वाहिन्या बाबासाहेबांवरचे कार्यक्रम दाखवतात. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर त्यांच्यावर मोठी मालिका झाली आणि आमच्या वस्त्यांमध्ये ती घरोघर पाहिली गेली. याचा आनंद आहेच. पण नीट पाहा: त्यांच्या सणाला टीव्ही बालपण दाखवतो आणि आपल्या दिवशी चरित्र. चरित्रातही बालपण असते, परंतु ते महामानव होणार असलेल्या मुलाचे असते. त्याच्या प्रत्येक दुःखाला पुढे अर्थ येणार हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. जो मुलगा पुढे शिपाई झाला, माथाडी झाला किंवा काहीच झाला नाही, त्याच्या नदीला, त्याच्या आईला, त्याच्या मेच्या सुट्टीला पडद्यावर जागा नाही. सवर्ण घरातला अगदी सामान्य मुलगाही स्मरणीय असतो. आपल्याला मात्र स्मरणीय होण्यासाठी आधी थोर व्हावे लागते.

आता माझ्या भागाविषयी. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. इथला राजवाडा, नीरेचा घाट, आसपासची कौलारू गावे शूटिंगवाल्यांना फार आवडतात. पुण्यापासून जवळ, आणि ‘जुने’ दिसते. आमच्या वस्तीतली पोरे गर्दीत उभी राहायला जातात. रोज मिळतो, जेवण मिळते. एका शूटिंगला गेलेल्या पोराने मला सांगितले की काळ जुना दाखवायचा म्हणून विजेच्या तारा टाळल्या, मोबाइलचा टॉवर टाळला आणि विहारावरचा निळा झेंडा दिसू नये म्हणून पुढे झाडाची फांदी बांधली. गोष्ट १९७५ च्या आसपासची होती. मला हसू आले आणि रागही आला. धर्मांतर १९५६ चे. १९७५ साली निळा झेंडा या खोऱ्यात नवा नव्हता. पण त्यांच्या लेखी झेंडा हा टॉवरसारखाच नंतर आलेला, गावाच्या चित्रात न बसणारा. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड येते. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात कॅमेरे लागतात, धबधबे टिपले जातात. चवदार तळे त्याच रस्त्याच्या टोकाला आहे.

भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणच्या उसाला गेले, गावे इथली बुडाली. मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. लोक गाड्या करून पाहायला येतात, फोटो काढतात. दगडी बांधणीचे देऊळ पाण्याखाली जवळपास शंभर वर्षे टिकले. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेले घर एका पावसाळ्यातही टिकत नाही. महारवाडा कुठे होता हे त्या चिखलाकडे पाहून सांगता येणार नाही. स्मरणरंजनाला उभा राहायला काहीतरी लागते, वाडा लागतो, देऊळ लागते, निदान जोते लागते. ज्यांचे काहीच उभे राहिले नाही त्यांची आठवण तोंडी उरते, किंवा लिहावी लागते. १९७८ च्या ‘बलुतं’पासून ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ अशी जी रांग लागली तिचे एक कारण हेही असावे.

सिनेमात हे घडलेच नाही असे नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला, त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्याचे मोठेपण असे की सुट्टीतल्या सिनेमाचे सगळे साहित्य त्याने वापरले आहे. शाळा, जत्रा, जिवलग मित्र, पाखराचा नाद, पहिले प्रेम, कडक बाप. फक्त मुलगा डुकरे धरणाऱ्या कैकाडी घरातला आहे. डुकराला घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांपुढून जाते, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्या अंगावर येतो. ओसरीवर आरामात बसून चित्रपट पाहणाऱ्याला तिथून उठवणारा तो दगड आहे. सणाच्या दुपारी जाहिरातदाराला तो कितपत मानवेल, हा प्रश्नच आहे.

इथे आपल्याच माणसांशी थोडे भांडायचे आहे. आपले बालपण म्हणजे केवळ यातना, असे सांगण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. समीक्षक वेदना मागतात आणि आपण ती पुरवतो. मेच्या सुट्टीत मुंबईहून गिरणीतली, गोदीतली माणसे गावी येत तेव्हाची बौद्धवाडी ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. लग्नांची गर्दी, बुद्धजयंतीची तयारी, रात्रभर चालणारे भीमगीतांचे सामने, आजीच्या हातचे सुके बोंबील, धरणाच्या पाण्यात डुंबणारी पोरे. हा गोडवा आपलाही आहे. तो सांगताना पाण्याचा प्रसंग गाळायचा नाही, आणि पाण्याचा प्रसंग सांगताना जरीची टोपी गाळायची नाही. हे अवघड आहे; बाबासाहेबांच्या त्या चार पानांत ते साधले आहे, म्हणून मी ती पाने लेखनाचा पाठ म्हणूनही शिकवतो.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी विद्यार्थ्यांना एकच काम दिले. टीव्हीवर लागेल तो गावाकडचा चित्रपट पाहा आणि त्या गावाचा नकाशा काढून आणा. वाडा, देऊळ, शाळा, नदी सर्वांनी झोकात काढली. बहुतेकांच्या नकाशात वेशीबाहेर काहीच नव्हते, आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. एका मुलीने मात्र कागदाच्या खालच्या बाजूला रिकामी जागा सोडून तिथे लिहिले होते, ‘भांडी घासणारी बाई कुठून येते ते दाखवलेले नाही.’ तिच्या घरचे लोक नीरा-देवघर धरणात उठलेले. मी तिला म्हटले, आता आजीच्या जुन्या वस्तीचा नकाशा काढ. सिनेमात नाही, तर तू काढ. ती दर रविवारी आजीजवळ बसू लागली. पाणवठा कुठे, चावडीवर जायची वाट कुठून, कोणाचे दार कोणीकडे. तिच्या वहीत आता सतरा घरे झाली आहेत. अठरावे कोणाचे, यावर तिची आजी आणि आजीची धाकटी बहीण यांच्यात वाद चालू आहे.